सिस्टर रोज विचारायच्या

सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होतो. पहिला विचार मनात आला तो असा, की आज संध्याकाळी आपल्याला कुणी काही विचारणार नाही. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं... ते लिहितानाही लाज वाटते.

सुलोचना गावित मूळच्या नवापूरच्या. सुरतेत उभी हयात नर्स म्हणून गेली, म्हणून निवृत्तीनंतरही गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीला त्या सिस्टरच. रविवारी प्रार्थनेला जायच्या, पण कुणाला चला म्हणाल्या नाहीत. येशूने सांगितलेली एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती: ज्याच्याशी बिनसलं, त्याच्याकडे आधी जा. गल्लीत भांडण झालं की त्या दिवेलागणीच्या आत दारात हजर. शेजारच्या आजीबाईंनी एकदा विचारलंच, “सिस्टर, आम्हले धरम बदलाले लावशात का?” सिस्टर हसल्या. “तुमच्याच देवापुढे दिवा लावा. फक्त सुनेशी बोलून मग लावा.”

माझा धाकटा भाऊ सुनील वरच्या मजल्यावर राहायचा, आई गेल्यापासून एकटाच; बमरोलीत कापडाच्या लूमवर कामाला. आमची आई गेली त्या दिवशी मी शाळेच्या सहलीबरोबर बाहेरगावी होतो. सकाळी तिच्या छातीत दुखत होतं, तरी सुनील पाळीला गेला. तेराव्याला, पंगत बसलेली असताना, मी म्हणालो, “आई तुझ्यामुळे गेली.” त्याने हातातलं ताट खाली ठेवलं. “तिनीच सांगं, जाय म्हणून,” एवढंच बोलला. मग जिन्याकडे जाताना, “सगळास्ना समोर बोलना तू...”

त्यानंतर वर्षभर आम्ही एकाच जिन्याने ये-जा करत होतो, आणि बोलत नव्हतो. सिस्टर रोज यायच्या. “गुरुजी, बोललात का?” मी म्हणायचो, उद्या. त्या रागावत नसत. एकदा मात्र बसल्या आणि म्हणाल्या, “राग घरात निजवला की सकाळी तो आपल्याआधी उठतो. वॉर्डात मी फार माणसं जाताना पाहिली. दुखण्याने तळमळणारी होती, पण दाराकडे बघत गेलेली जास्त.” निघताना उंबऱ्यावर थांबल्या. “सुनील आधी भांडायचा तरी. आता नुसता मान हलवतो. मला ते बरं दिसत नाही.”

मलाही दिसत होतं. तो वर चालायचा ते ऐकू येईनासं झालं होतं. रेडिओ बंद. गॅलरीतल्या आईच्या तुळशीची कुंडी एके दिवशी माझ्या दाराशी आणून ठेवलेली. मी ती आत घेतली आणि त्याला काही विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात सिस्टर गेल्या, सकाळी चहा करता करता. दफनाच्या वेळी शवपेटीला मी एका बाजूने खांदा दिला, सुनीलने दुसऱ्या. मधे फक्त ती पेटी. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

चौथ्या दिवशी वर गेलो तर दाराला कुलूप. फोन बंद. बमरोलीला कारखान्यात गेलो, मुकादम म्हणाला, “वो तो सोमवार से नहीं आया, मास्टरजी.” गावी कळवलं, पोलिसांत नोंद केली. आज पाच आठवडे झाले.

गेल्या रविवारी सिस्टरांची भाची खोली रिकामी करायला आली. गेलं वर्षभर तीच त्यांच्या सोबतीला राहायची. मी मदतीला गेलो. खिडकीशी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. मी त्या उचलायला वाकलो.

“तुमचे भाऊ या डाव्या खुर्चीत बसायचे,” ती म्हणाली. “पाळीवरून आले की रोज. आत्या इथून उठून तुमच्याकडे यायच्या.”

“मला कधी बोलल्या नाहीत.”

“तुमच्या भावांनीच बोलू दिलं नाही. म्हणायचे, बोलावल्यामुळे आला असं नको. त्याचा तो आला पाहिजे.”

सामानाचा टेम्पो नवापूरला गेला. त्या दोन खुर्च्या मी मागून घेतल्या. शाळेतून आलो की पुढच्या खोलीत उजव्या खुर्चीत बसतो. दार उघडं असतं. जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बघतो... अजून तरी दुसरेच कुणी असतात.