आईचं पथ्य

आई गेली तेव्हा वाटलं, आता तिच्याबद्दल नवीन काही कळायचं राहिलं नाही. कसलं काय! भोंगवलीच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस सतरंजीवर टेकायचा, डोळे पुसायचा आणि मग म्हणायचा, "म्हातारीची एक गंमत सांगू का?" त्या गमतीतून मला दर वेळी एकच गोष्ट कळायची. आईनं आणखी एका ठिकाणी गोड खाल्लं होतं.

तिला शुगर होती आणि तिला जगवायचा मक्ता मी घेतला होता. मी सुमन, तिची थोरली लेक. सारोळ्यात दिलेली, अंगणवाडीत शिकवते. तीस पोरं मी नुसत्या नजरेनं गप्प बसवते. ही एक बाई मला सात वर्षांत आवरली नाही.

*

पायाच्या बोटाची जखम भरेना म्हणून तिला भोरला डॉक्टरांकडे नेलं. तरुण, शांत माणूस. त्यांनी बिचाऱ्यांनी नीट समजावलं, "आजी, गोड बंद केलं नाही, तर बोट काढावं लागेल."

आईनं दोन्ही पाय पुढं करून बोटांकडं पाहिलं.

"दहा हायती की, डॉक्टर."

डॉक्टर हसले, आणि तिथंच मी हरले. हसलेला माणूस ती आपल्या बाजूचा धरायची. बाहेर आल्यावर मलाच म्हणते, "लई गुणाचं पोरगं हाय. त्याच्यावर वरडू नगंस."

*

ड्रेसिंगसाठी ती महिनाभर माझ्याकडं राहिली आणि नेमकी मध्ये संक्रांत आली. मी गल्लीतल्या एकूण एक घरी जाऊन बजावून आले, की आईला तिळगूळ द्यायचा नाही. केवढा बंदोबस्त! तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी शेजारणीनं मला बाजूला घेतलं.

"सुमन, राग मानू नको. पन म्हातारं मानूस हाय. दोन घास खायला घालत जा गं तिला."

आई रोज दुपारी एकेका घराच्या ओट्यावर जाऊन बसत होती. कुणी "जेवलात का?" विचारलं, की नुसता उसासा टाकायची. बाकी एक अक्षर नाही. मी घरी येऊन फैलावर घेतलं, तर म्हणाली, "म्या कुठं काय म्हनलं? त्यांनीच तिळगुळाची वाटी भरून आनली."

*

पंच्याहत्तरी झाली आणि तिला एसटी फुकट झाली. तेव्हापासून दर मंगळवारी ती कापूरहोळला देवळात जायची. म्हातारपणी देवाधर्माचं वेड लागलं म्हणून मला बरंच वाटायचं. गाडी सारोळ्यात थांबली, की मीच तिला पिशवीत हळदीकुंकू बांधून द्यायचे.

सुतकात त्या गाडीचे कंडक्टर भेटायला आले. सतरंजीवर टेकले आणि म्हणाले, "आजी गेल्या आन् मंगळवारची गाडी टायमात सुटायला लागली."

"म्हणजे?"

"परतीला गाडीत जागा धरून जिलबी घ्यायला उतरायच्या ना. एकदा मी म्हनलं, आजी, टाइम झाला. तर म्हनल्या, मास्तर, दोन मिन्टं, आत्ताच कढईत सोडलीय."

"आणि तुम्ही थांबलात?"

"थांबलो. सगळ्या गाडीला वाटली त्यांनी."

"अहो, पण कुणी तक्रार केली नाही?"

कंडक्टर जरा ओशाळले. "ताई, गरम होती."

माझ्या शेजारी माझी लेक प्राजू बसली होती. ती कॉलेजला त्याच गाडीनं यायची-जायची. खाली मान घालून ती म्हणाली, "ड्रायव्हरकाकांना दोन द्यायची आजी." म्हणजे अख्ख्या एसटीला माहीत होतं, पोटच्या पोरीला माहीत होतं, आणि मी हळदीकुंकू बांधत बसले होते!

*

शेवटी बोट गेलंच. ऑपरेशनच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. आणि दोन महिन्यांत माझ्या भावाच्या, दत्ताच्या पोराच्या हळदीत ही बाई बँडसमोर नाचत होती. मी हात धरून ओढलं, तर म्हणाली, "नऊवारीला नऊ बोटं पुरं."

सगळे हसले. माझं मात्र डोकं फिरलं. पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुला जगायचंच नाहीये. मी एकटीच मरतेय इथं तुझ्यासाठी." ती जाऊन खुर्चीत बसली.

पुढचे आठ दिवस माझ्याकडं राहून तिनं मुकाट्यानं कारल्याची भाजी आणि भाकरी खाल्ली. चहा कोरा, बिनसाखरेचा. ओट्यावर जाणं नाही, कुणाची नक्कल नाही, प्राजूशी गप्पा नाहीत. हवी होती तशी आई मला मिळाली होती, आणि घरात बसवेना. मी फार घाबरले तेव्हा. नवव्या दिवशी मी स्वतः पुरण घातलं आणि अर्धी पोळी तिच्यासमोर ठेवली. मी! या हातांनी!

तिनं एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि म्हणाली, "सुमे, गूळ कमी पडलाय."

*

त्यानंतर दीड वर्षानं एका सकाळी ती बसल्या बसल्या गेली. हार्ट अटॅक. दशक्रिया नीरेच्या काठी, पुलाजवळच्या घाटावर होती. प्रवचन झालं, पिंड मांडले, माणसं मागं सरकली. बाभळीवर सात-आठ कावळे ओळीनं बसलेले. एक खाली उतरेना.

दत्तानं हात जोडले. "आई, प्राजूचं लग्न थाटात करू." कावळे ढिम्म. "आई, तुझ्या म्हशी विकनार न्हाई." नाहीच. पाऊण तास झाला. ऊन चढलं, पाहुणे घड्याळं बघायला लागले.

"इच्छा ऱ्हायलीय कायतरी," मामी म्हणाली. मग तिनं नैवेद्याच्या पानाकडं निरखून पाहिलं. "गोडाचं काय केलंय गं?"

"खीर. मीच केली पहाटे."

"साकर घातलीस ना बेताची?"

मी आठवायला लागले. दूध आटवलं होतं, शेवया भाजल्या होत्या, वेलदोडा घातला होता. नैवेद्य म्हणून कुणी चाखलीही नव्हती. सात वर्षं तिच्यासाठी जशी करायचे तशीच केली होती.

"नाही घातली," मी म्हणाले.

घाटावरची शंभर-दीडशे माणसं खाली बघायला लागली. कुणीतरी तोंडाला उपरणं लावलं. दत्तानं कपाळावर हात मारला. प्राजूनं स्कूटी काढली, हायवेला गेली आणि अर्धा किलो पेढे घेऊन आली. एक पेढा पिंडाशेजारी पानावर ठेवला आणि उघडं खोकं पायरीवर ठेवून ती मागं वळली.

ती चार पावलं येईस्तोवर कावळा उतरला. पिंडाला चोच लावली, पेढा उचलला आणि बाभळीवर गेला. सगळ्यांनी हात जोडले. मामी रडायला लागली, मीही पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात तो परत आला आणि सरळ जाऊन खोक्याच्या कडेवर बसला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, एकच!"

त्यानं मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं आणि दुसरा उचलला.