ओवाळणीतली बाटली

डायलिसिस सुरू झालं की घरात दोन गोष्टी न बोलावता येतात, अंगाची खाज आणि सल्लागार. खाजेवर निदान मलम तरी मिळतं. बोईसरला आमच्याकडे कोणी गुळवेल आणून टाकला, कोणी शेवग्याच्या पाल्याची पूड, कोणी वाडीतली शहाळी. शहाळ्यात पोटॅशियम असतं, ते आम्हा डायलिसिसवाल्यांच्या रक्तातून बाहेर पडत नाही, फार वाढलं तर हृदय बंद पडतं, हे सांगून सांगून माझा घसा सुकला. "पण नैसर्गिक हाय ना ते," म्हणायचे. अहो, धोतऱ्याचं बीसुद्धा नैसर्गिकच असतं.

या सगळ्यांवर कडी केली ती माझ्या थोरल्या भावाने. तो घिवलीला, वडिलांच्या वाडीत राहतो. माझ्या नवऱ्याला मधुमेह, आमची मुलगी अजून शाळेत, त्यामुळे डॉक्टरांनी माझी किडनी बदलायचं काढलं तेव्हा द्यायची कोणी, असा घरात प्रश्नच पडला. तर या भाऊसाहेबांनी भरल्या घरात छातीवर हात मारून सांगितलं, बायला, म्हणजे मला, किडनी मीच देणार. झालं, गावभर गवगवा. बायका माझा हात धरून म्हणायच्या, नशीब काढलंस गं, असा भाऊ मिळाला. मीही रडले होते, खोटं कशाला बोलू.

मेलेल्या माणसाची किडनीही मिळते, पण त्यासाठी आधी नाव घालावं लागतं, रांग असते. नवरा म्हणाला, घरचा माणूस देतोय तर रांगेत कशाला उभं राहायचं. म्हणून आम्ही नाव घातलंच नाही. इकडे भावाच्या तपासणीचं घोडं पुढे सरकेना. आधी पाऊस, मग भातकापणी, मग त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी. नाही म्हणेना आणि येईनाही. ताकाला तूर लागू देईल तर शपथ.

भाऊबीजेला मी ओवाळलं, तर ताटात त्याने बाटली ठेवली. नोनी नावाच्या फळाचा रस. त्याच्या साडूने विकायला घेतलेला. याने अंगातली सूज उतरते, असं त्याला कुठल्याशा सभेत एका टायवाल्याने पटवलं होतं. म्हणाला, थोडे महिने हा घे, सूज गेली तर ऑपरेशन लागणारही नाय कदाचित. मी म्हटलं, माझ्या किडन्या सुकून चिंचोक्याएवढ्या झाल्यात, सूज उतरायला तिथे आहे काय? तर म्हणे ती सूज वेगळी, आतली, डोळ्यांना न दिसणारी. आजार न दिसणारा, म्हणजे गुणही न दिसणारा. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात.

एवढं कळत असून मी तो रस प्यायले. ओवाळणीला नको कसं म्हणायचं? आणि मनात एक आशा होतीच, याचं मन राखलं तर हा तपासणीला येईल. चव म्हणाल तर नासक्या दह्यात पायमोजे भिजत घातल्यासारखी. बाटली संपली की दुसरी यायची, भाऊ मात्र दवाखान्याची पायरी चढायचा नाही.

एका सकाळी माझ्या पायांतला जोरच गेला. नवऱ्याने न्हाणीतून धरून बाहेर काढलं आणि तसंच डायलिसिस सेंटरला नेलं. पोटॅशियम भडकलेलं. तातडीने मशीन लावलं. डॉक्टरांनी बाटली मागवून बघितली, यातही शहाळ्यासारखंच पोटॅशियम असतं म्हणाले आणि मला असं झापलं की शेजारच्या पलंगावरचे आजोबाही सावरून बसले. डायलिसिसवाल्यांच्या अंगात दाह, म्हणजे ती आतली सूज, असतो हे खोटं नाही, म्हणाले, कशाचा उपयोग होतो यावर अभ्यासही चालू आहेत, पण आम्हाला विचारल्याशिवाय काहीही पोटात जाता कामा नये, आणि नैसर्गिक आहे म्हणून तर मुळीच नाही.

संध्याकाळी भाऊ आला तो पिशवी घेऊनच. नोनी सोसत नसेल तर हळदीच्या गोळ्या, त्याच साडूकडच्या. माझं डोकंच फिरलं. मी मरता मरता वाचलेय आणि हा माझ्या उशाशी दुकान मांडतोय. नवऱ्याला चहाला पाठवलं आणि म्हटलं, "दादा, मला तुझ्या गोळ्या नकोत, तुझी किडनीही नको. फक्त नाही म्हण. तू नाही म्हणत नाहीस म्हणून माझं नाव कुठेच घातलेलं नाही."

तो म्हणाला, "नाव नाय घातलं तुमी?"

म्हटलं, तुझ्या भरवशावर बसलोय. तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागला.

"नाय जमणार गं बाय मला," तो म्हणाला. "टेबलावरून मी उठणारच नाय, असं वाटतं. पण सगळ्यांसमोर बोललो होतो ना."

सगळ्यांसमोर. म्हणजे चार लोकांत याची मान खाली जाऊ नये म्हणून मी बाटल्या प्यायच्या. तो भ्याला याचा मला राग नाही. भीती कोणाला नसते, सुई बघितली की मी अजून डोळे मिटून घेते. पण माझ्या तोंडाला पानं पुसून वर त्याला औषध म्हटलं, त्याचा राग आहे. अजून आहे.

आठवड्याभरात आम्ही मुंबईच्या इस्पितळात नाव घालायला गेलो. तिथल्या बाईंनी कागद चाळले, डायलिसिस कधीपासून ते बघितलं आणि विचारलं, रांग केवढी मोठी आहे, तुम्ही आधीच का नाही आलात?

"भाऊ देणार होता," मी म्हटलं.