पोपट कुणाच्या हाती द्यावा

बायको गेली. पोरगा म्हणाला, सुरतला चला, पण तिचा पोपट नको. तिच्या गंधमुक्तीच्या विधीला जेवायला आलेले नातेवाईक पिंजऱ्यापाशी येऊन एकच विचारत, "हाऊ बोलस का?" ती गेल्यापासून गप्प आहे म्हटलं, की हात धुवायला निघून जात. एकालाही दिला नाही.

मग शेजारीण आली. मोकळा सोडला की हा तिच्या वाळत्या मिरच्या पळवायचा, म्हणून ती बायकोशी वर्षानुवर्षं भांडली. मयतालाही आली नाही. त्याच्या खाण्याचं विचारलं, "नाना, हाऊ काही खास का नही?" पदरातली मिरची तिनं पुढं केली. त्यानं खाल्ली. जिनं तोंडावर शिव्या दिल्या, तिच्यावरच भरवसा ठेवून पिंजरा दिला.

मी जेवलो का, ते तिनंही विचारलं नाही.