मामाने सोडलेला चहा

माझ्या मामाने चहा सोडला त्याला बरीच वर्षं झाली. का सोडला, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते कारण खरं नाही, हे फक्त मला माहीत होतं.

मामा पुण्याला शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात सईस होता. घोड्याला खरारा करायचा, चारापाणी बघायचं, पहाटे फिरवून आणायचं, असं ते काम. नव्वदच्या दशकात त्याच्या हाती एक तांबडा घोडा आला. कागदावरचं त्याचं इंग्रजी नाव मामाला नीट उच्चारता येत नसे. तो त्याला बाळ म्हणायचा. पहिल्या हंगामात बाळ एकही शर्यत हरला नाही. मामा सुट्टीवर शाहूवाडीकडे आमच्या गावी आला की खळ्यावर बसून सांगायचा, "निम्म्या वाटंपतोर सगळ्यांच्या मागं असतंय. लोकं म्हणत्यात, आज गेलं. आन् शेवटच्या वळणावर असं सुटतंय, बाकीची घोडी दाव्याला बांधल्यागत दिसत्यात." त्या हिवाळ्यात मुंबईतली मोठी शर्यतही बाळने तशीच मारली. पेपरातल्या फोटोत लगामाच्या एका बाजूला मालक होते आणि दुसऱ्या बाजूला मामाचा अर्धा खांदा.

घोडा जिंकला की सईसला बक्षीस मिळे, आणि त्यातून माझी कॉलेजची फी जाई. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. पोरगी घोड्याच्या पायांवर बी.ए. झाली, असं आई म्हणायची. त्यात थट्टा नव्हती.

निकाल लागल्यावर मी शाहूपुरीतल्या दुकानातून पेढे घेतले, आणि मामाला आवडते म्हणून थोडी चॉकलेट बर्फी. वडिलांबरोबर एसटीने पुण्याला गेले. मामाने ट्रेनरची परवानगी काढून आम्हाला आत नेलं.

"बघ रं बाळ, ही आपली ग्रॅज्युएट," तो घोड्याला म्हणाला. "तू नुसताच पळतोयस."

मग तो वडिलांना घेऊन चहा आणायला गेला. मी आणि घोडा दोघंच राहिलो. पास झालं की आधी देवापुढे आणि मग ज्यांच्यामुळे शिकलो त्यांच्या हातावर गोड ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. मी बर्फीचे दोन तुकडे तळहातावर धरले. त्याने ते नुसत्या ओठांनी उचलले आणि माझा तळवा चाटून स्वच्छ केला. मी वाकून त्याच्या खुराला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

मामा बशीत चहा ओतत आला. बाळने मान लांब करून थेट बशीत तोंड घातलं. मामाने बशी मागे ओढली. "गप. परवा शर्यत हाय. बाहेरचं कायबी चालत न्हाय तुला."

मी बर्फीचा पुडा पिशवीत तळाशी सारला.

बाळ जिंकला. पण नंतर लघवीच्या तपासणीत काहीतरी सापडलं आणि तो विजय रद्द झाला. मामाला कामावरून काढलं. तो पत्र्याची पेटी आणि एक इंग्रजी कागद घेऊन घरी आला. कागद त्याने माझ्या हातात दिला, कारण घरात इंग्रजी वाचणारी आता मीच होते. त्यात दोन रसायनांची नावं होती. मी कॉलेजात जाऊन रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "चहात असतं, कॉफीत असतं. चॉकलेटात तर असतंच."

मामा अंगणात वाट बघत होता. "काय म्हणालं सर?"

"चहात असतं म्हणाले."

"माझीच बशी," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याने चहाला तोंड लावलं नाही.

बाळ पुढेही जिंकत राहिला, दुसऱ्या सईसच्या हाताखाली. मामा गावात म्हशी पाळून डेअरीला दूध घालू लागला. मला पन्हाळ्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली. गावी गेले की मामी दोनच कप आणायची, एक मला, एक तिला. कुणी पाहुणा आग्रह करू लागला की मामा म्हणायचा, "नगं पावणं. माझ्या चहानं एका राजाची शर्यत गेलीया." मी खाली मान घालून कप संपवायची.

काही वर्षांनी घोडा गेल्याची बातमी पेपरात आली. मामाने कात्रण जपून ठेवलं होतं. मी गेल्यावर म्हणाला, "तू वाच, तुझं वाचणं सरळ असतंय." मी एकेक विजय वाचत गेले आणि एका ओळीशी अडखळले. एक विजय सईसच्या निष्काळजीपणामुळे रद्द झाला, असं तिथे छापलं होतं.

"वाच की," मामा म्हणाला. "खरंच हाय ते."

"न्हाय मामा. बशी नव्हती ती. मी त्याला चॉकलेटची बर्फी दिलती. सरांनी चॉकलेटचं नाव घेतलं होतं. मी तुला सांगितलं न्हाय."

मामीचा कप हातातच राहिला. मामाने माझ्याकडून कात्रण घेतलं आणि त्याची घडी घातली.

"आवडीनं खाल्ली का त्यानं?"

"व्हय. हात चाटला."

त्याने मान हलवली. "दिलीस त्याचं काय न्हाय. तुला ठावं नव्हतं." कात्रण खिशात घालून तो पुढे म्हणाला, "पर सर बोलल्यावर ठावं झालं न्हवं? मी इतकी वर्सं त्या मुक्या जनावराची मनातनं माफी मागतोय."

मामी आत गेली आणि तिसरा कप घेऊन आली. तिने तो मामापुढे ठेवला. मामाने तो कप बोटाने माझ्याकडे सरकवला.

"तू पी," म्हणाला.

मी प्याले.