एका नळीची गोष्ट, इंग्रजीत

लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, एका सोमवारी, मी कंधारहून सकाळच्या एसटीने निघालो. निरोपाला हजर माणसं तीन: बाप, माय आणि धाकटी बहीण. बाप खिडकीशी आला आणि म्हणाला, "इचारलं तर गाव सांग. गल्ली सांगू नगं." आमचं घर बौद्ध, आणि आडनाव दलित-सवर्ण दोन्हीकडे चालणारं.

लातुरात नव्या कचेऱ्या उघडत होत्या. इंग्रजी बोलणाऱ्याला नोकरी लवकर लागते असं ऐकून मी आणि माझ्या खोलीतला पाटील, दोघांनी कापडदुकानावरच्या क्लासात नाव घातलं. पाटील लोह्याकडचा, घरी शेती. आम्ही एका स्टोव्हवर रांधायचो. माझी गल्ली त्याने विचारली नव्हती. ती कळली तर खोली सुटेल, ही धाकधूक मला रोज असायची.

एकदा सरांनी प्रत्येकाला बालपणीची आवडती आठवण इंग्रजीत सांगायला लावली. अकरापैकी आठ जणांना मामाची आंबराई निघाली! सगळ्यांचं गाईड एकच. मीही तीच पाठ करून गेलो होतो. मला मामाच नव्हता.

उभा राहिलो आणि आंबराई काही तोंडातून निघेना. निघाला तो बहात्तरच्या दुष्काळातला टँकर. आम्ही खडी फोडायच्या कामावर होतो. मुकादम आमची रांग वेगळी करू लागला, तसा परगावचा ड्रायव्हर ओरडला, "कोण कुठला ते मागून बघा, मला पुढल्या कामावर जायचंय!" सगळे एकाच नळीखाली आले. मी तर डोकंच घातलं.

"वन पाइप. ऑल पीपल. सेम वॉटर."

सर म्हणाले, "दुष्काळ? अरे, हॅपी आठवण सांग."

"व्हेरी हॅपी, सर. बिफोर, ॲट वेल, वी वेट. अदर मॅन पोर वॉटर. फ्रॉम अप."

हे वाक्य मी मराठीत कुणापुढे उच्चारलं नव्हतं. इंग्रजीत कसं आलं, याचं मला अजून कुतूहल आहे. त्या भाषेत मला कुणी कधी हिणवलं नव्हतं, म्हणून असेल.

खोलीत आल्यावर पाटील म्हणाला, "टँकर बंद झाल्यावर रे?"

"विहिरीला पाणी आलं. आम्ही परत थांबून राहिलो."

त्याने स्टोव्हला पंप मारला. "आमच्या गावात बी तसंच हाय. म्या पाणी भरायचो, पर कोण थांबलंय ते कधी बघितलं न्हाई."

मी पेटी आवरायला घेतली.

"ते काय करायलास? भाकरी किती टाकू, दोन का तीन?"

गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघेही मला घर कुठलं म्हणून विचारतात. गाव कंधारकडचं. घर मी त्या भाकरीपासून धरतो. तीन खाल्ल्या.