रिकाम्या घरातला दिवा
निरांजन विझलं, की त्या जळक्या वातीच्या वासाने मला लुइझियानातलं ते फ्रेंच बोलणारं गाव आठवतं. ऐंशीच्या दशकात तिथल्या तेलविहिरी बंद पडल्या आणि निम्म्या घरांना कुलपं लागली. मी गावचा एकुलता एक डॉक्टर; पेशंट कमी, किल्ल्या जास्त, कारण जाणारा प्रत्येकजण किल्ली माझ्याकडेच ठेवून जाई. शेजारचा तरुणही कामासाठी टेक्सासला गेला. "घर असं अंधारात ठेवू नये हो," म्हणत आमच्या हिने एका तिन्हीसांजेला त्याच्या ओल आलेल्या घराच्या खिडकीत निरांजन लावलं. मी म्हटलं, "आता भाडेकरू म्हणून लक्ष्मीच येईल." आली ती त्याची म्हातारी आई, खिडकीतला उजेड पाहून समोरच्या घरातून, हातात भाताचं गरम पातेलं घेऊन. "आला ना तो?" तिने दारातूनच विचारलं. हिने हलकेच पातेलं घेतलं, आणि आम्ही तिघं त्याच्याच पायरीवर बसून जेवलो. आता टेक्सासमधल्या प्लेनो शहरातल्या मोठ्या घरात आम्ही दोघंच. मुलांच्या रिकाम्या खोल्यांत ही रोज दिवे लावते. मला ते ठाऊक असतं, तरी वळणावरून वरची खिडकी उजळलेली दिसली, की गाडीचा वेग माझ्याकडून जरा वाढतोच.