वर्षाताई आणि मोडलेला कळप

"या वळूलेही तू गाय करून टाकलं? आता याचं दूध काढाले कोण जाणार, तू?"

डॉ. वर्षा काळमेघ माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. गाईंच्या गळ्यात बांधायचे पट्टे आम्ही बनवायचो. गाय किती चालली, किती वेळ रवंथ करत बसली, सगळं तो पट्टा कळवायचा. मी पुण्याची, कोडिंग करणारी. डेटाबेसमध्ये सगळ्या जनावरांपुढे सरसकट 'काऊ' लिहून मोकळी झाले होते. ताई अकोल्याच्या, पन्नाशीच्या, पशुवैद्यक. एरवी प्रमाण मराठी आणि चोख इंग्रजी. चिडल्या की वऱ्हाडी. आणि चिडत त्या रोजच.

त्या दुपारी त्यांनी मला शेजारी बसवून झापत झापत शिकवलं. अजून व्याली नाही ती कालवड. पहिल्यांदाच व्याली ती पहिलारू. पोटात वासरू असलेली गाभण, दूध आटलेली भाकड. "प्रत्येकीचं खाणं वेगळं, भीती वेगळी. आणि तुझ्या यादीत सगळ्या एकच!"

मग त्या मला डोंगरापलीकडे, आमचे पट्टे वापरणाऱ्या पीटच्या डेअरीवर घेऊन गेल्या. तिथे एक कामगार विजेची काठी टोचत गाय हाकत होता. ताईंनी गाडीचं दार उघडं टाकलं, तरातरा जाऊन काठी हिसकावली आणि त्याला इंग्रजीत सुनावलं, "तू तिच्या बरोब्बर शेपटीमागे उभा आहेस. तिला तू दिसतच नाहीस. घाबरणार नाही तर काय करेल?" मग स्वतः गाईच्या खांद्याच्या जरा मागे, बाजूला, अंतर राखून उभ्या राहिल्या आणि एक पाऊल पुढे टाकलं. गाय निमूट चालू लागली.

गव्हाणीपाशी फाटक्या कानाची एक म्हातारी गाय आली, तशा बाकीच्या आपोआप सरकल्या. "ही इथली मालकीण," ताई म्हणाल्या. "चरायला जाताना पुढे असते ती वेगळी, आणि जिला सगळ्या वाट देतात ती वेगळी. यांची भांडणं केव्हाच होऊन गेलीत, म्हणून आता शांतता आहे. नवीन गाय आणून सोडली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून."

आमचा मॅनेजर निखिल. मुंबईचा, हुशार, गोडबोल्या. त्याच्या डोक्यात आलं की कोण किती दूध देते त्यावरून गाईंचे गट दर आठवड्याला सॉफ्टवेअरनेच बदलायचे.

"दर आठवड्याला?" ताई उसळल्या. "काऊन? त्यांनी रोज मारामाऱ्याच करत बसायच्या काय? आणि पहिलारूंना थोराड गाईंत घालशील तर त्या जेवूही देणार नाहीत त्यांना."

"ताई, रिलॅक्स. डेटा तर बघू या ना," निखिल म्हणाला.

"पहिलारू तरी वेगळ्या ठेव!"

मीही तेच म्हणाले. त्याने ऐकलं नाही. पीटच्या डेअरीवर गट बदलले गेले.

कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक पहिलारू गव्हाणीकडे गेली. दोघींनी तिला ढुशा मारून मागे लोटलं. ओल्या काँक्रीटवर तिचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि ती बसली ती बसलीच. ताईंनी तिला कमरेला पट्टे लावून ट्रॅक्टरने उचलून पाहिलं. पाय धरत नव्हते. शेवटी ताईंनीच तिला कायमचं झोपवणारं इंजेक्शन दिलं आणि तिची मान मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तिच्या कासेतून दूध गळत होतं.

दुसऱ्या दिवशी निखिल म्हणाला, "सॅड, बट आउटलायर आहे, एखादीच अशी केस. शिवाय फ्लोअर ओला होता, दॅट्स ऑन देम. व्हिडिओ कॉलवर पीटला तेच सांगू या. ताई, तुम्ही बोलू नका."

कॉल सुरू होताच ताई बोलल्या. "पीट, तुझी फरशी रोजच ओली असते. कळप आम्ही मोडला. मला माहीत होतं, आणि मी थांबवू शकले नाही."

पीटने डोक्यावरची टोपी काढली. "थँक यू, डॉक्टर," एवढंच म्हणाला.

थोड्याच दिवसांत ताईंची पोस्ट 'एलिमिनेट' झाली. आजही हा शब्द आठवला की माझी कानशिलं तापतात. पीट त्यांना ठेवून घ्यायला तयार होता, पण व्हिसाच्या मुदतीत कागद जमले नाहीत. विमानतळावर मी रडू लागले, तर माझ्यावरच खेकसल्या, "रडून राग पातळ नको करू, पोरी!"

पुढे कंपनीच्या सभेत निखिलने जाहीर केलं की यापुढे पहिलारूंचा गट वेगळाच राहील आणि गट वारंवार बदलणार नाहीत. 'आमची नवी कल्पना', म्हणाला. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले. "ही वर्षाताईंची कल्पना आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्यांनी आधीच सांगितलं होतं. तुम्ही त्यांना काढून टाकलंत." टाळ्या थांबल्या. निखिल पाण्याची बाटली उघडत राहिला.

घरी येऊन मी अकोल्याला फोन लावला. मागे कुठेतरी वासरू हंबरत होतं. मी सगळं सांगितलं.

"नावाचं काय घेऊन बसली तू?" ताई कडाडल्या. "पीटकडल्या पहिलारू वेगळ्या बांधल्या का, थे सांग."

"त्याच्याकडे आधीच बांधल्या, ताई. मी स्वतः जाऊन पाहिल्या. निवांत खात होत्या."

पलीकडे वासरू पुन्हा हंबरलं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा," आणि फोन ठेवून दिला.